तीन मिनिटं उरली की गोली बाहेर

परवा रात्री आइस हॉकीत आमची टीम हरली, कोचनं गोलकीपर बाहेर काढलेला आणि शेवटचा पक (चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती) रिकाम्या जाळीत गेला. पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. "घराचं दार सताड उघडं टाकायचं आणि मग चोर शिरला म्हणून बोंबलायचं, या कोचला पगार कोण देतं?" हा पहिला मेसेज. लिहिणारा मूळचा साताऱ्याचा, वीस वर्षं टोरांटोच्या बाजूला राहतोय, हॉकीचं वेड आम्हा सगळ्यांत त्यालाच जास्त. त्यावर दुसऱ्या टोकाचा, आमचा डेटावाला पोरगा, "उलट सहा मिनिटं आधी काढायला हवा होता, गणितानं सिद्ध झालंय, कोच फट्टू आहे." मग रात्री दीडपर्यंत सहा मिनिटं की शेवटचं एक मिनिट यावर हाणामारी. मी वाचत बसलो होतो आणि मला राहून राहून वाटत होतं की अरे दोघंही चुकीच्या जागी भांडताय.

ज्यांना आइस हॉकीचा गंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बर्फावर प्रत्येक टीमचे सहा जण असतात, पाच खेळणारे आणि एक गोली. (गोली म्हणजे गोलकीपर. माझ्या आईला फोनवर "गोली काढला" म्हटलं की अजून वाटतं कुणाची तरी औषधाची गोळी बंद केली.) मॅच साठ मिनिटांची, वीस-वीसचे तीन पिरियड. शेवटी एका गोलनं मागे असलात तर कोच गोलीला बेंचवर बोलावतो आणि त्याच्या जागी सहावा अटॅकर पाठवतो. म्हणजे समोरच्या पाचांवर तुमचे सहा, पण तुमची सहा फूट रुंद, चार फूट उंच जाळी मोकळी. गोल झाला तर बरोबरी, मग ओव्हरटाइम. पक उलटा गेला तर खेळ खल्लास. प्रश्न एवढाच, की हे करायचं तर कधी.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे शिव्या घालणाऱ्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. एका गोलनं मागे असाल तर तीन मिनिटं उरली की गोली बाहेर. शेवटच्या मिनिटापर्यंत थांबणं हा तोटा आहे, आणि सहा मिनिटांचा हट्ट धरणं हा वेळेचा अपव्यय आहे.

सहा मिनिटं आली कुठून? २०१८ मध्ये क्लिफ अ‍ॅस्नेस आणि आरोन ब्राउन या दोन फायनान्सवाल्यांनी एक पेपर लिहिला, त्यात साधारण असा निष्कर्ष होता की एक गोल मागे असताना जवळपास सहा मिनिटं उरली की गोली काढा आणि दोन गोल मागे असताना तर दहा मिनिटांच्याही आधी. मग ते इंटरनेटभर पसरलं आणि लोकांनी फक्त तो एक आकडा उचलला. पण त्या पेपरचा खरा माल त्याच्या पोटात आहे. नेहमीच्या पाच विरुद्ध पाच खेळात दर दहा सेकंदाला तुमचा गोल होण्याची शक्यता ०.६५ टक्के, समोरच्याचीही तेवढीच. गोली काढला की तुमची होते १.९७ टक्के, म्हणजे तिप्पट, आणि समोरच्याची ४.३० टक्के, म्हणजे साडेसहा पटीच्या वर. आमचा सातारकर हे आकडे बघून टाळ्या वाजवेल, "बघ, तुझ्याच तोंडानं बोललास, त्यांना आपल्या दुप्पट फायदा!" इथेच गाडी घसरते. कारण एका गोलनं हरणं आणि दोन गोलनं हरणं यात काय फरक आहे? टेबलवर दोन्हीचे पॉइंट शून्य. तुमचा गोल तुम्हाला शून्यातून वर काढतो, त्यांचा गोल तुम्हाला शून्यातून शून्यात नेतो. दोन बाजूंची किंमत सारखी नाही, मग नुसत्या शक्यता शेजारी शेजारी ठेवून काय उपयोग?

हे आपल्याला कळत नाही असंही नाही. टेस्टच्या शेवटच्या सेशनला समोरच्याची शेवटची जोडी खेळतेय, रन्सचा काही संबंध उरलेला नाही, तेव्हा कॅप्टन आठ जण बॅटच्या भोवती उभे करतो. बाउंडरीवर चिटपाखरू नाही. फोर गेली तर कोणी म्हणतं का, की अरे बाउंडरी उघडी टाकली, मूर्ख आहे? नाही म्हणत, कारण सगळ्यांना माहितेय की आत्ता रन्सना भाव नाही, विकेटला आहे. तोच माणूस हॉकी बघायला बसला की त्याला रिकामी जाळी दिसते आणि डोकं फिरतं.

आता मी काल रात्री रागारागात त्याच आकड्यांवर कागदावर हिशोब केला, ढोबळ आहे, पण दिशा कळते. समजा सहा मिनिटं उरलीत आणि तुम्ही एकनं मागे आहात. पुढचा गोल वेळेत आणि तुमचाच होण्याची शक्यता किती? गोली शेवटच्या मिनिटाला काढायचा ठरवलात तर साधारण २३ टक्के. तीन मिनिटं उरल्यावर काढलात तर साडेसत्तावीसच्या आसपास. आत्ता लगेच, सहाला काढलात तर २८ च्या थोडं वर. परत वाचा. एकवरून तीनवर आलात की साडेचार टक्के मिळाले, तीनवरून सहावर गेलात की जेमतेम एक टक्का. आणि तो एक टक्काही पूर्ण तुमचा नाही, कारण लवकर बरोबरी झाली तर समोरच्यालाही परत गोल मारायला वेळ उरतो. म्हणजे ज्या सहा मिनिटांवरून अर्धी रात्र भांडलो, तिथे चढ जवळपास संपलेला आहे, सपाट मैदान आहे. सगळा माल पहिल्या दोन मिनिटांच्या फरकात आहे आणि त्यावर बोलायला कोणी तयार नाही. सहा मिनिटांवाले एवढा मोठा आकडा फेकतात की समोरचा "काहीही!" म्हणून उठून जातो आणि त्याच्याबरोबर तीन मिनिटांची साधी, पटण्यासारखी गोष्टही जाते.

बरं, विरोधकांचं सगळंच फालतू आहे असं अजिबात नाही. त्यांचे दोन मुद्दे वजनदार आहेत आणि डेटावाले ते हसण्यावारी नेतात याचा मला राग येतो.

पहिला मुद्दा दमण्याचा. हॉकीतली एक शिफ्ट पाऊण मिनिटाची असते, त्याहून जास्त खेळलात की पाय जड. शेवटच्या एका मिनिटात तुमचे सहा सगळ्यात भारी खेळाडू जीव तोडून पळू शकतात, पण तीन मिनिटं? मधे दुसरी फळी आणावी लागणार आणि तिच्याकडून तेवढे गोल होणार नाहीत. शिवाय ते आकडे आलेत बहुतेक शेवटच्या मिनिट-दीड मिनिटाच्या खेळातून, ते तसेच मागे ओढायचे म्हणजे शंभर मीटर धावणाऱ्याच्या स्पीडनं मॅरेथॉनचा टाइम काढण्यासारखं आहे. मान्य. दुसरा मुद्दा याहून हुशार आहे. आज समोरची टीम रिकाम्या जाळीवर लांबून नेम धरायची फार प्रॅक्टिस करत नाही, कारण प्रसंग छोटा असतो. उद्या सगळेच तीन मिनिटं आधी गोली काढायला लागले तर ते शिकतील, आणि ४.३० टक्क्यांचे सहा-साडेसहा होतील. हेही मान्य.

मग चला, त्यांच्या बाजूनंच आकडे वाकवू. तीन मिनिटं उरली असताना मूळ आकड्यांनी लगेच काढणं साडेएकवीस टक्के देतं आणि शेवटच्या मिनिटापर्यंत थांबणं १६. आता समोरच्याचे गोल दीडपट धरा, ६.५ टक्के. लगेच काढलात तर १९ च्या जवळ, थांबलात तर साडेपंधरा. बरं, ते सोडा, आपली पोरं दमली म्हणून आपला आकडा १.९७ वरून दीडवर आणा. १७ विरुद्ध १४. दोन्ही एकदम वाईट धरा, आपण दमलेले आणि ते नेमबाज, तरी १४.६ विरुद्ध १३.६. सगळे फासे विरोधकांच्या बाजूनं टाकूनही थांबण्याचा फायदा कुठे निघत नाही. याचं कारण काही गूढ नाही, थांबण्यात तुम्ही जी दोन मिनिटं घालवता त्यात तुमची गोल करायची शक्यता इतकी कमी असते की त्या मिनिटांना काही किंमतच नसते. घड्याळ समोरच्याचं मित्र आहे, तुमचं नाही.

आणि नियमही थोडे आपल्या बाजूचे आहेत. समोरच्यानं स्वतःच्या अर्ध्यातून लांब फटका मारला आणि नेम चुकला की आइसिंग नावाची चूक धरतात, फेसऑफ (पंच पक टाकून खेळ परत सुरू करतो तो) परत त्यांच्याच जाळीजवळ, आणि आइसिंग करणाऱ्या टीमला तेव्हा खेळाडू बदलता येत नाहीत. म्हणजे दमण्याचा मुद्दा आपल्यालाच लागू आहे असं कुठाय? बचाव करणारे पाच जण तर चेंडूफळीतल्या एकट्या फील्डरसारखे इकडून तिकडे पळत असतात.

आता निकालावरून अक्कल ठरवायच्या सवयीबद्दल. २०१४, सोची, बायकांची ऑलिंपिक फायनल. कॅनडा अमेरिकेविरुद्ध ०-२ मागे, साडेतीन मिनिटांच्या आत उरली असताना ब्रिएन जेनरनं एक गोल केला. मग गोली शॅनन झॅबाडोस बाहेर. अमेरिकेच्या केली स्टॅकनं लांबून पक मोकळ्या जाळीकडे सोडला, तो घरंगळत घरंगळत गेला आणि खांबावर आपटून बाहेर. पुढे ५५ सेकंद उरली असताना मेरी-फिलिप पुलँनं बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये गोल्डही तिनंच मारलं. कॅनडात अजून त्या रात्रीच्या गोष्टी सांगतात. तो पक दोन इंच आत असता तर? तर त्याच कोचचा, त्याच निर्णयाचा, त्याच मिनिटाचा उद्धार झाला असता. निर्णय तर पक सुटायच्या आधीच घेऊन झाला होता ना, मग खांबानं त्याला शहाणा कसा काय केलं?

त्याच वर्षीच्या वसंतात कोलोराडोचा कोच होता पॅट्रिक रुआ. हा माणूस स्वतः गोली, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगचे चार स्टॅन्ली कप जिंकलेला, जाळी मोकळी सोडायची भीती कोणाला असेल तर त्याला असायला हवी. पण लीगमध्ये सगळ्यात लवकर गोली काढणारा कोच म्हणून तोच गाजत होता. मिनेसोटाविरुद्ध प्लेऑफच्या पहिल्या मॅचला ३-४ मागे असताना जवळपास तीन मिनिटं आधी त्यानं सेम्यॉन वरलामोव्हला बोलावलं. मधे एक पक रिकाम्या जाळीत जाता जाता एरिक जॉन्सननं झेप टाकून अडवला, १३ सेकंद उरली असताना पॉल स्टॅस्टनीनं बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्येही तोच. रुआ जीनियस. ती सिरीज कोलोराडो सात मॅचमध्ये हरलं हे मात्र जीनियस म्हणणारे सांगत नाहीत, आणि सांगायची गरजही नाही, कारण त्यानं तो पहिला निर्णय चूक ठरत नाही. हे मी आमच्या डेटावाल्यालाही ऐकवतोय, तो प्रत्येक यशस्वी क्लिप "बघा सिद्ध झालं" म्हणून टाकतो. एका क्लिपनं काय सिद्ध होतंय? सातारकर डाव उलटलेल्या क्लिप टाकतो, हा गोल झालेल्या टाकतो, दोघं मिळून ग्रुपचं स्टोरेज भरवतात.

खरं तर हा डाव सुरूच झाला तो फसून. २६ मार्च १९३१, बोस्टनचा आर्ट रॉस, माँट्रियलविरुद्ध प्लेऑफची मॅच, ०-१ मागे, शेवटच्या मिनिटाला त्यानं टायनी थॉम्पसनला बाहेर काढलं. काही झालं नाही, मॅच तशीच ०-१ हरले. आमचा ग्रुप तेव्हा असता तर रॉसचं काय झालं असतं कल्पना करा. पुढे याच बोस्टनच्या रिकाम्या जाळीत १९८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या रॉन हेक्स्टॉलनं, जो स्वतः गोली होता, सरळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पक मारून गोल केला. याहून मोठी नामुष्की ती काय? आणि मग २०१३, पुन्हा बोस्टन, टोरांटोविरुद्ध सातवी मॅच, तिसऱ्या पिरियडला १-४ मागे, आणि शेवटच्या दीड मिनिटात गोली काढून दोन गोल, ओव्हरटाइममध्ये विजय. (टोरांटोत राहून ही मॅच आठवणं म्हणजे स्वतःच्या जखमेवर मीठ, पण मुद्द्यासाठी सोसतोय.) सहा आठवड्यांनी फायनलमध्ये शिकागोनं तेच औषध बोस्टनला पाजलं. १-२ मागे, गोली बाहेर, १ मिनिट १६ सेकंद उरली असताना बरोबरी आणि त्यानंतर १७ सेकंदांत दुसरा गोल, कप शिकागोला.

मग कोच का कचरतात? भीती पकची नसते, नावाची असते. शेवटच्या मिनिटाला काढला आणि हरला तर "नशीब". तीन मिनिटं आधी काढला आणि हरला तर "कोचनं हरवलं". गोली जागेवर ठेवून ०-१ हरलेल्या कोचची दुसऱ्या दिवशी कोणी हेडलाइन करत नाही, तो गपचूप हरला. उघड जाळीत गेलेला गोल कॅमेऱ्यात दिसतो, न झालेला बरोबरीचा गोल दिसत नाही. हे नुसतं हॉकीचं नाही, फुटबॉलच्या गोलकीपरांवर एक अभ्यास झाला होता, २८६ पेनल्टी तपासल्या, तर गोलकीपर जवळपास ९४ टक्के वेळा डावीकडे नाहीतर उजवीकडे उडी मारतात, मधे उभं राहणं जास्त फायद्याचं असताना. का? तर मधे उभा राहिला आणि बाजूनं गोल झाला तर लोक म्हणतात हा हललापण नाही. तिथे काहीतरी करताना दिसायचं असतं, इथे काहीही वेगळं न करताना दिसायचं असतं, मूळ एकच, चारचौघांसारखं चुकलेलं माफ असतं. अर्थात एनएचएलच्या कोचना मी पूर्ण दोष देणार नाही, पूर्वी ते शेवटच्या मिनिटावर अडले होते, आता दोन-अडीच मिनिटांपर्यंत आलेत. सरकलेत ते. सरकायचे राहिलेत ते टीव्हीसमोर बसलेले आपण.

एक राहिलं. आपल्याकडे अशा वेळी लगेच सूर्याजी मालुसरे आठवतात, दोर कापले, आता मरा नाहीतर लढा. ग्रुपवरही कोणीतरी टाकलंच. पण गोली काढणं म्हणजे दोर कापणं नाहीच मुळी. बरोबरी झाली की गोली परत आत. समोरच्याला पेनल्टी लागली, पक आपल्याच ताब्यात खोल त्यांच्या अर्ध्यात आहे, फेसऑफ कुठे आहे, हे सगळं बघून कोच त्याला आत-बाहेर करू शकतो. दोर चांगला शाबूत असतो, फक्त काही वेळ हातात नसतो. म्हणूनच तीन मिनिटं म्हणजे घड्याळात बरोब्बर ३:०० असंही नाही, साडेतीनला त्यांच्या जाळीजवळ फेसऑफ मिळाला तर तेव्हाच, आणि अडीचला पक तुमच्याच कोपऱ्यात अडकला असेल तर थांबा जरा.

दोर खरोखर कापल्याचं उदाहरण हवंच असेल तर ५ एप्रिल १९७० घ्या. सीझनचा शेवटचा दिवस, न्यूयॉर्कनं दुपारी डेट्रॉइटला ९-५ नं धुतलं, त्यामुळे माँट्रियलला प्लेऑफमध्ये जायला शिकागोविरुद्ध निदान बरोबरी नाहीतर (पॉइंट सारखे राहिले तर गोलांची संख्या बघणार होते म्हणून) पाच गोल हवे होते. २-५ मागे पडल्यावर मॅच हाती लागणार नाही हे दिसलं, मग फक्त गोल मोजायचे म्हणून नऊएक मिनिटं आधीच गोली काढला. रिकाम्या जाळीत पाच गोल खाल्ले, १०-२ हरले, बाहेर गेले. हसण्यासारखा स्कोअर आहे, पण सांगा, ५-२ नं हरून बाहेर जाणं जास्त इभ्रतीचं होतं का?

आणि उलटं उदाहरण १९८० चं, लेक प्लॅसिड. सोव्हिएत टीम, त्या काळी जगात भारी, अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांविरुद्ध ३-४ मागे आणि दहा मिनिटं हातात. त्यांचा कोच व्हिक्टर तिखोनोव्ह काही भित्रा नव्हता, पहिल्या पिरियडनंतर त्यानं व्लादिस्लाव त्रेत्याकसारखा जगातला सर्वोत्तम गोली बसवून दुसरा, मिश्किन, आणला होता. पण शेवटच्या मिनिटांत जाळी रिकामी केली नाही ती नाहीच. मिश्किन शेवटपर्यंत उभा, आणि मॅच ३-४ च संपली. टीममधल्या सर्गेई स्टारिकोव्हनं पुढे सांगितलं की सहा विरुद्ध पाच आम्ही कधी खेळतच नव्हतो, प्रॅक्टिसमध्येसुद्धा नाही. म्हणून मी सातारकराला काल रात्री शेवटी एवढंच विचारलं की आपला कोच तीनला काढतो का एकला ते सोड, आठवड्याच्या प्रॅक्टिसला सहा विरुद्ध पाच किती वेळ खेळवतो ते तुला माहितीये का? दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून नाही.